एका पत्त्यावर चौसष्ट बिऱ्हाडं: नॅटविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: गांधीबागेत आमचं कापडाचं दुकान आहे. जुन्या नेटवर दुकानातले चार कॅमेरे घरून मोबाइलवर दिसायचे. फायबर घेतल्यापासून बंद. कॅमेरेवाल्याने पोर्ट फॉरवर्डिंग दोनदा करून दिलं, डीडीएनएसचं खातं काढलं, त्याचे वेगळे पैसे घेतले. नेटवाला म्हणतो, ‘आमच्याकडून काही नाही, तुमचाच राउटर पाहून घ्या.’ खरं कोणाचं?

उत्तर: आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललेलं दिसतं. संशय नॅटवर आहे, म्हणजे अनेक यंत्रांनी बाहेरचा एकच पत्ता वाटून घेण्याच्या रीतीवर: मधला राउटर पॅकेटांवरचा पत्ता बदलतो. राउटरवर आणखी खर्च करण्याआधी दहा मिनिटांची तपासणी करा.

दुकानातल्या वायफायवर असताना राउटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, डब्याच्या खाली चिकटवलेला असतो. स्टेटसमध्ये वॅन (बाहेरची बाजू) किंवा इंटरनेट या भागात आयपीव्ही४ पत्ता (टिंबांनी तोडलेले चार आकडे) लिहिलेला असेल, तो उतरवून घ्या. मग त्याच वायफायवरून, मोबाइल डेटा बंद ठेवून, ‘माझा आयपी काय’ सांगणारी कुठलीही साइट उघडा आणि तिथला आयपीव्ही४ पत्ता पाहा. दोन्ही सारखे असतील तर पब्लिक, म्हणजे जगभर चालणारा, पत्ता तुमच्या राउटरलाच मिळालेला आहे आणि चूक खरोखर फॉरवर्डिंगमध्ये आहे. वेगळे असतील तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी कोणीतरी पत्ता बदलतंय.

कोण बदलतंय, ते आकड्यांवरून कळतं. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर ते नेटवाल्याचं सीजीनॅट, म्हणजे त्याने आपल्याकडे अनेक ग्राहकांसाठी मिळून लावलेलं मोठं नॅट. हा गट एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर आधी आपल्याच घरात बघा: नेटवाल्याचा फायबरचा डबाही राउटर म्हणून चालू आहे आणि त्याला कॅमेरेवाल्याचा दुसरा राउटर जोडलाय, असं दुहेरी नॅट नेहमी सापडतं. तिथे फायबरचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या (मग तो पत्ता बदलत नाही), नाहीतर दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर. १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता दोन्हीकडून येऊ शकतो. ‘ट्रेसर्ट’मध्ये (पॅकेट कुठल्या टप्प्यांतून जातं ते दाखवणारी आज्ञा) दुसऱ्या टप्प्याला खासगी, म्हणजे फक्त आतल्या जाळ्यात चालणारा, पत्ता दिसला म्हणजे सीजीनॅट आहे, असं काही तंत्रज्ञ सांगतात. तो पुरावा कच्चा आहे. नॅट न करताही नेटवाले आपल्या आतल्या राउटरांना असे पत्ते देतात.

सीजीनॅट असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग का चालत नाही? पोर्ट म्हणजे पत्त्यावरचं क्रमांक असलेलं दार. तुमचा राउटर ८००० क्रमांकाच्या पोर्टवर आलेलं पॅकेट डीव्हीआरकडे (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) पाठवायला तयार बसलाय, पण ते पॅकेट त्याच्यापर्यंत येतच नाही. ते नेटवाल्याच्या मोठ्या राउटरवर थांबतं. तो पत्ता अनेक ग्राहकांचा, मग हे पॅकेट कोणाचं हे त्याला कळायचं कसं? आतून कोणी आधी बोलावलेलं नसेल तर तो ते टाकून देतो. डीडीएनएस फक्त नावाला पत्ता जोडून देतं. पत्ताच सामायिक असेल तर त्या नावाने कोणी येऊन पोहोचत नाही. तो खर्च वायाच गेला म्हणायचा.

आता उपाय. सर्वांत सोपा म्हणजे डीव्हीआर कंपनीची क्यूआर कोडवाली सेवा. त्यात डीव्हीआर स्वतःच आतून बाहेर कनेक्शन करतो, म्हणून नॅट आडवं येत नाही. मात्र थेट जोडणी जमली नाही तर चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतं आणि त्या कंपनीवर विश्वास टाकावा लागतो. दुसरा उपाय, नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा पब्लिक पत्ता, भाड्याने घेणे. तो मिळाला तरी डीव्हीआरचे पोर्ट उघडे टाकू नका. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने कॅमेरे आणि डीव्हीआरच कारखान्यातल्या पासवर्डवर ताब्यात घेतले होते. फक्त व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरून दुकानाच्या जाळ्यात येणाऱ्या कुलूपबंद वाटेचा, एक पोर्ट उघडा (वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रॅमचा नेहमीचा यूडीपी ५१८२०), डीव्हीआरला राउटरमध्ये कायमचा आतला पत्ता बांधून द्या आणि मोबाइलवरून व्हीपीएन लावून कॅमेरे बघा. तिसरा उपाय थोडा जाणकाराचा: भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड बसवून दुकानातून त्याच्याकडे कायमची जोडणी ठेवायची. त्यात ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद टाकायला विसरू नका. नाहीतर थोडा वेळ शांतता राहिली की नेटवाल्याचं नॅट ती नोंद पुसतं आणि सकाळी कॅमेरे पुन्हा बंद.

कोणताही उपाय केला तरी बाहेरून बघताना सब-स्ट्रीम (कमी दर्जाचं, हलकं चित्र) निवडा. चार कॅमेरे प्रत्येकी ५१२ केबीपीएसने म्हणजे २ एमबीपीएस अपलोड. मेन-स्ट्रीम ४ एमबीपीएसची असेल तर तेच १६ होतात. आणि मे महिन्यात कॅमेरे दुपारीच बंद पडत असतील तर नॅटचा विचार नंतर करा. पत्र्याखाली बंद पेटीत ठेवलेल्या डब्याला आधी हात लावून बघा.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात शिकवलं की नॅटमुळे आयपीव्ही४ वाचलं. इंटरनेटवर काही लोक त्याला शिव्या देतात. नॅट कोणी आणि का काढलं, आणि त्याला विरोध का झाला?

उत्तर: दोन्ही खरं आहे. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये ठरलेला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारे क्रमांकित कागद). त्यातून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. तेव्हा हा आकडा अफाट वाटला आणि वाटपही तसंच सढळ हाताने झालं. अमेरिकेतल्या एमआयटी या एका विद्यापीठाकडे १८ ने सुरू होणारा अख्खा गट होता, म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर पत्ते. १९९० च्या सुमारास दोन संकटं एकदम दिसू लागली: पत्ते संपणार, आणि मधल्या राउटरांमधले मार्गांचे तक्ते स्मरणात मावेनासे होणार. दुसऱ्यावर १९९३ मध्ये सीआयडीआर आलं. ए, बी, सी हे वर्ग मोडून गरजेपुरते तुकडे देण्याची पद्धत ती.

पहिल्यावर दूरचा उपाय नवा प्रोटोकॉल हाच होता. तो तयार होईपर्यंत वेळ काढायला मे १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ लिहिली. तिच्यात नॅटला सरळ अल्पकालीन उपाय म्हटलेलं आहे. युक्ती अशी होती की संस्थेतली सगळी यंत्रं एकाच वेळी बाहेर बोलत नसतात. मग आत कोणतेही पत्ते वापरा आणि वेशीवर बदला. पत्ता बदलला की आयपी आणि टीसीपी दोघांची चेकसम (पॅकेट बिघडलं का ते तपासायची बेरीज) दुरुस्त करावी लागते, एफटीपी (फाइल पाठवायची जुनी रीत) आपला पत्ता मजकुरात लिहून पाठवतं म्हणून तोही बदलावा लागतो, हे त्या कागदातच नोंदवलेलं आहे. म्हणजे पुढच्या तीस वर्षांची डोकेदुखी पहिल्याच दिवशी माहीत होती! घरोघरी चालतो तो पोर्टही बदलणारा प्रकार. १९९९ च्या आरएफसी २६६३ मध्ये त्याला एनएपीटी हे नाव मिळालं.

त्याचं काम एका ओळीत मावतं. तुमच्या लॅपटॉपने १९२.१६८.१.२० वरून, ५१५१४ पोर्टने पॅकेट पाठवलं. राउटर त्यावर आपला पत्ता आणि, समजा, ४०००१ पोर्ट लिहितो आणि वहीत नोंद करतो: ४०००१ म्हणजे .२० चा ५१५१४. उत्तर ४०००१ वर आलं की वही बघून उलटं बदलतो. वहीत ओळ नसेल तर पॅकेट टाकून. बाकी सगळे फायदे-तोटे या एका वहीतून निघतात.

विरोध दोन पातळ्यांवर झाला. खासगी पत्त्यांचे गट मार्च १९९४ मध्ये सुचवले गेले आणि त्याच जुलैत आरएफसी १६२७ ने त्यांना हानिकारक ठरवलं. मुद्दा असा की पत्ता जगात एकमेव राहिला नाही तर दोन संस्था एकत्र आल्यावर एकाच पत्त्याची दोन यंत्रं समोरासमोर येणार. हे आजही घडतं. बुटीबोरीच्या कारखान्यात १९२.१६८.१ आणि सीताबर्डीच्या ऑफिसातही १९२.१६८.१, मग व्हीपीएन जोडलं की प्रिंटर कुठला ते कळत नाही. शाखा एकापेक्षा जास्त असतील तर पहिल्याच दिवशी प्रत्येकीला १०.४७.१, १०.४७.२ असे वेगळे गट द्या, पुढची एक रात्र वाचेल. गंमत म्हणजे त्या विरोधी कागदाच्या लेखकांपैकी एलियट लिअर हे फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ चे सहलेखक आहेत. आपण आज वापरतो ते तीन खासगी गट याच कागदातले. तिन्ही मिळून १,७८,९१,३२८ पत्ते.

दुसरा विरोध तत्त्वाचा. मूळ इंटरनेटमध्ये मधलं जाळं आंधळं आणि टोकाची यंत्रं हुशार, मध्ये कोणी काही लक्षात ठेवायचं नाही. नॅट लक्षात ठेवतं. म्हणून नॅटचा राउटर रीस्टार्ट झाला की चालू जोडण्या तुटतात. पूर्वीचा साधा राउटर रीस्टार्ट झाला तर पॅकेटं थोडा वेळ अडखळायची आणि मग त्याच जोडणीवर पुढे जायची.

माझं मत विचाराल तर नॅटने वेळ मिळवून दिला यात शंका नाही, पण त्या वेळाचं भाडं त्याच्याशी संबंध नसलेल्यांनी भरलं. फोन, गेम, फाइल पाठवणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना स्टन, टर्न, आइस अशी पूर्ण यंत्रणा उभी करावी लागली, ती फक्त दोन नॅटमागच्या दोन यंत्रांची गाठ घालून देण्यासाठी. आयपीव्ही६ ची, म्हणजे त्या नव्या प्रोटोकॉलची, पहिली आरएफसी डिसेंबर १९९५ ची आहे. नॅट इतकं बरं चाललं की तिकडे जायची घाईच कोणाला राहिली नाही. ३ फेब्रुवारी २०११ ला आयपीव्ही४ चे शेवटचे पाच मोठे गट वाटून संपले, १५ एप्रिल २०११ ला आपल्या आशिया-प्रशांत विभागाने काटकसरीचे नियम लावले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेलकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले. एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. असं झाल्यावर नेटवाल्यांनी ग्राहकांच्या नॅटपुढे आपलं नॅट लावलं नसतं तरच नवल.

प्रश्न: प्रतापनगरात माझं पीजी आहे, तीस मुलं, एकच कनेक्शन. उद्या कोणी काही भलतंसलतं केलं आणि पोलीस आयपी पत्ता घेऊन आले तर मुलगा कोणता ते मी कसं सांगणार?

उत्तर: फक्त आयपी पत्त्यावरून कोणीच सांगू शकत नाही. नेटवाल्याने एका पब्लिक पत्त्याचे १०२४ पासून वरचे ६४,५१२ पोर्ट प्रत्येकी १,००८ चे तुकडे करून वाटले, तर त्या पत्त्यावर चौसष्ट ग्राहक बसतात. तुमचं पीजी त्यांतलं एक बिऱ्हाड. माणूस शोधायला तीन गोष्टी लागतात: पत्ता, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ. समोरच्या वेबसाइटने आलेल्या जोडणीचा पोर्ट लिहून ठेवावा, असं जून २०११ च्या आरएफसी ६३०२ मध्ये म्हटलेलं आहे. तरी पुष्कळ साइट तो ठेवत नाहीत आणि तपास तिथेच अडतो.

तुमच्या बाजूने करण्यासारखं बरंच आहे. सगळ्यांना एकच वायफाय पासवर्ड देऊ नका. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. मॅक पत्त्यावर (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) भिस्त ठेवू नका, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतात. राउटरचं घड्याळ एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवणारी सेवा) लावा आणि नोंद भारतीय वेळेत आहे की यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत, ते कागदावर लिहून ठेवा. या साडेपाच तासांच्या फरकाने निरपराध मुलगा पकडला जाऊ शकतो.

नोंदी ठेवायच्या दोन रीती आहेत. प्रत्येक जोडणीची ओळ लिहायची झाली तर दिवसाला १ लाख जोडण्या गुणिले २०० बाइट, म्हणजे २० एमबी, वर्षाला ७.३ जीबी. एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर मावेल, पण कोण कुठल्या साइटवर गेला हेही त्यात साठतं, आणि ते तुमच्याकडे असू नये. दुसरी रीत मला अधिक पसंत आहे. राउटर लिनक्सवर चालणारा असेल तर प्रत्येक मुलाला आतला पत्ता कायमचा द्या आणि एसनॅटच्या (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा पत्ता बदलणाऱ्या) नियमात त्याला २,००० पोर्टांचा ठरावीक तुकडा बांधा: पहिल्याला २००० ते ३९९९, दुसऱ्याला ४००० ते ५९९९, असं तिसाव्याला ६०,००० ते ६१,९९९. टीसीपी आणि यूडीपीसाठी नियम वेगळे लिहावे लागतात, आणि पिंगला पोर्ट नसतो म्हणून त्याला तिसरा. मग नोंद म्हणजे तीस ओळींचा एक तक्ता. मात्र तुमच्यापुढे सीजीनॅट असेल तर पोलिसांकडे असलेला पोर्ट नेटवाल्याचा असतो. नेटवाला जोडणीगणिक आतला पोर्टही लिहून ठेवत असेल तरच तुमचा तक्ता कामाला येईल.

प्रश्न: परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आमचं साठ जणांचं ऑफिस आहे. नेटवरून चालणारे फोन बसवले. कॉल लागतो, बरोबर अर्ध्या मिनिटाने तुटतो. कधी आमचा आवाज जातो, त्यांचा येत नाही. शिवाय अकरा वाजले की नवी पानं उघडत नाहीत, उघडलेली मात्र चालतात.

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत, मूळ तीच वही.

घड्याळ लावून पाहा, कॉल ३२ सेकंदांनी तुटत असेल. फोन उचलल्याचा निरोप गेला की समोरून पोच यावी लागते. ती नाही आली तर निरोप पुनःपुन्हा पाठवला जातो आणि अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंदांनी, कॉल सोडला जातो. पोच हरवते कारण फोनने निरोपाच्या मजकुरात आपला १९२.१६८ चा पत्ता लिहिलाय आणि समोरचा त्यावर पोच धाडतोय. एकतर्फी आवाजाचंही हेच कारण. राउटरमधलं एसआयपी एएलजी (नेटवरच्या कॉलच्या निरोपांत हात घालणारी सोय) हा मजकूर दुरुस्त करतो असं सांगतं, पण बहुतेक स्वस्त राउटरांत अर्धवटच करतं. ते आधी बंद करा. मग फोनमध्ये आरपोर्ट (निरोप जिथून आला तिथेच उत्तर पाठवायला सांगणारी सोय) चालू आणि कीपअलाइव्ह (वहीतली ओळ जिवंत ठेवणारं पॅकेट) २० सेकंद. आत येणारे कॉल काही वेळाने वाजायचे थांबत असतील तर तेही याच कीपअलाइव्हने सुटेल. यूडीपीची नोंद किमान दोन मिनिटं ठेवावी असं आरएफसी ४७८७ सांगते, पण लिनक्समध्ये एकतर्फी यूडीपीला ३० सेकंदच मिळतात.

अकरा वाजताचं दुखणं म्हणजे वही भरली. साठ जण, प्रत्येकाच्या ब्राउझर-मोबाइलच्या मिळून दोनशे जोडण्या, म्हणजे १२,००० ओळी. घरगुती राउटरला इतक्या झेपतातच असं नाही. लिनक्स राउटरच्या लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ असं लिहिलेलं सापडेल. कमाल मर्यादा ६५,५३६ करा, त्याला साधारण २० एमबी मेमरी लागते. त्याहून महत्त्वाचं, चालू टीसीपी जोडणीची मुदत मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस असते. लॅपटॉप मिटवून घरी गेलेल्या माणसाची ओळ पाच दिवस पडून राहते. ती मुदत ७,४४० सेकंद करा. आरएफसी ५३८२ ने ठरवलेली किमान मर्यादा तेवढीच आहे, दोन तास चार मिनिटं. त्याखाली गेलात तर दोन तासांनी एकदा हालचाल करणाऱ्या जोडण्या तुटू लागतील. रोज अकराला राउटर बंद-चालू करणं हाही उपाय आहे म्हणा, वही कोरी होते. पण त्या वेळी फोनवर असलेल्या माणसाला विचारून घ्या.

प्रश्न: नॅट आहे म्हणजे फायरवॉल आहेच ना? वेगळं काही कशाला?

उत्तर: नाही. न बोलावलेलं पॅकेट टाकून दिलं जातं, हा वहीचा आनुषंगिक फायदा. यूपीएनपी चालू असेल तर घरातला कोणताही डबा तुम्हाला न विचारता राउटरकडून पोर्ट उघडून घेतो. ते बंद करा, गेमवाल्या मुलाची थोडी कुरकुर ऐकावी लागेल. आणि आयपीव्ही६ आलं असेल तर तिथे नॅट नसतं, प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा पत्ता असतो. राउटरच्या पानावर आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे का ते आजच बघा.

प्रश्न: माझ्या मोबाइलमध्ये डेटा चालू असताना आयपी १९२.०.०.४ दिसतो. शेजाऱ्याच्या फोनमध्येही हाच. हॅक झालाय का?

उत्तर: नाही. तुमच्या कंपनीने फोनला फक्त आयपीव्ही६ दिलंय. काही अॅप अजून आयपीव्ही४ च मागतात, त्यांच्यासाठी फोन स्वतःपुरता हा राखीव पत्ता धरतो, त्यांची पॅकेटं आयपीव्ही६ मध्ये बदलून पाठवतो आणि कंपनीच्या टोकाला ती पुन्हा आयपीव्ही४ होतात. या रीतीचं नाव ४६४एक्सलॅट, आरएफसी ६८७७, एप्रिल २०१३. तो पत्ता फोनच्या बाहेर कधीच जात नाही, म्हणून लाखो फोनांत एकच असला तरी चालतं. घरचे कॅमेरे हॉटस्पॉटला जोडून बाहेरून बघायचे असतील तर मात्र वर गांधीबागेच्या वाचकांना दिलेलं उत्तर वाचा.